अर्विन ऑर्मरॉडच्या मयताचा हॅम

हेल्मशॉ नावाच्या विलायती गिरणगावात माणूस कसा जगला याची फारशी कुणी चौकशी करत नाही. पण त्याला निरोप दिला तेव्हा टेबलावर हॅम होता की नव्हता, हे सगळं गाव पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवतं. आणि हॅम म्हणजे डुकराची हाडासकट उकडलेली सबंध मांडी, कडेला बोटभर चरबी, सुरीने जाड कापलेली. पाकिटातला गुलाबी चौकोन नव्हे. हॅलिवेलच्या विधवेने नवऱ्याच्या मयताच्या चहाला माशाची पेस्ट फासलेले पाव ठेवले होते. तिची नातवंडं म्हातारी व्हायला आली, तरी त्यांना अजून ऐकावं लागतं. असलं गाव!

टेकडीवरच्या चॅपल हिल वस्तीत हा हॅम उकडायचा अर्विन ऑर्मरॉड. सोसायटीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सहकारी दुकानाच्या, तिथल्या शाखेचा तो मॅनेजर. कुणाच्या घरी कुणी गेलं की दुकानामागच्या खोलीत तो मोठं पातेलं चढवायचा, वर माल्टचं व्हिनेगर, दोन लवंगा, आणि दिवसभर कुणाला झाकण उघडू द्यायचा नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये तो हॅम स्वतः कापून वाढायचा. गिरणीचा मुकादम मेलेला असो की सूत उचलणारी पोरगी, काप तेवढाच जाड.

आता अर्विनच गेला होता. आणि त्याची बायको क्लॅरिस खाली गावात डिगलच्या दुकानाच्या काचेच्या दारासमोर उभी होती, आणि दार ढकलायला तिचा हात उठत नव्हता.

डिगलचं दुकान म्हणजे बसस्टँडजवळचं ते झगझगीत, स्वतः टोपली घेऊन माल उचलायचा तसलं. मालक कोण, कुठला, कुणाला माहीत नाही. क्लॅरिसने त्याचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. तिच्या पणजोबांनी सोसायटी काढणाऱ्यांच्या पहिल्या सभेत बाकडी उचलली होती, असं घरात सांगत. भेसळीचं पीठ विकणाऱ्या गिरणीमालकाच्या दुकानाला कंटाळून विणकरांनी स्वतःचं दुकान काढलं, एक माणूस एक मत, हे ती दुधाबरोबर प्यायली होती. सोसायटी सोडून दुसरीकडे साखर घेणं म्हणजे तिच्या लेखी चॅपलमध्ये शिवी देण्यासारखंच. आणि ती हे मनात ठेवणारी बाई नव्हती. बोलून दाखवायची. सोसायटीच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष ना ती!

पण करणार काय? सोसायटीच्या गावातल्या मोठ्या दुकानात ती आधी जाऊन आली होती. तिथल्या पोराने खांदे उडवले होते.

"हाडाचा हॅम आता येत नाही, मावशी. मोठ्या सोसायटीत विलीन झाल्यापासून पाकिटंच येतात. हवी तर देतो, किती?"

"पाकिटं तू ठेव तुझ्या आज्याच्या मयताला," क्लॅरिस म्हणाली होती आणि बाहेर पडली होती.

दफन दुसऱ्या दिवशी. ज्याने सगळ्या वस्तीला हॅम वाढून वाटेला लावलं, त्यालाच बिनहॅमचा पाठवायचा? छे! ते जमण्यासारखं नव्हतं. तिने खांद्यावरची पिशवी नीट केली, ओठ आवळले आणि दार ढकललं.

आत मांसाच्या काउंटरवर एक गुबगुबीत, हसरी बाई होती. हॅमही होता. हाडाचा, ब्रेडच्या चुऱ्यात घोळलेला, अगदी हवा तसा. क्लॅरिसला त्याचाही राग आला. वाईट तरी असावा की नाही मेला!

"जाड कापू ना?" बाईने विचारलं. "चॅपल हिलच्या ना तुम्ही? बोलण्यावरून कळतं. तुमच्याकडच्या बायकांना जाडच लागतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे तुमची वस्ती, बरं का. गुरुवारची बस यायच्या आधीच आम्ही कापून ठेवतो."

"कुठली बस?"

"ही काय, आत्ताची. बघा ना, उभ्या आहेत सगळ्या तिकडे रांगेत."

क्लॅरिसने मान वळवली. साबणाच्या ढिगाऱ्यापलीकडे पैसे द्यायच्या रांगेत मिसेस पिल्किंग्टन होती, शाखा बंद करायची बातमी आली तेव्हा सभेत रडलेली. तिच्यामागे थ्वेट बहिणी. आणि त्यांच्यामागे हेटी सग्डन. हेटी! गिरणीत पंधराव्या वर्षापासून शेजारच्या मागावर उभी असलेली, भिंतीला भिंत लागून राहणारी, मंडळाची चिटणीस हेटी. तिच्या हातात सोसायटीची जुनी कापडी पिशवी होती आणि तीत ती डिगलचा चहा, डिगलची साखर आणि डिगलचं लोणी खाली खाली दडपत होती, वर कोबी ठेवून.

आता सांगायला हवं की वर्षापूर्वी शाखा वाचवायला सभा झाली होती. हॉल खच्चून भरला होता. "शाखा चालू राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," म्हटल्यावर एकही हात खाली राहिला नव्हता, आणि हेटीने तर दोन्ही वर केले होते. सोसायटीच्या वरच्या साहेबांनी मुकाट मुदत वाढवून दिली. पण विक्री वाढेना. क्लॅरिस संध्याकाळ संध्याकाळ दारोदार सह्या गोळा करत हिंडली. प्रत्येक दारात सही मिळाली, वर चहा मिळाला, वरच्या साहेबांना शिव्याही मिळाल्या. आणि शेवटी शटर पडलंच. अर्विनला घड्याळ देऊन घरी बसवलं. तो खिडकीशी बसायचा, दुकानाच्या बंद दाराकडे बघत. एका सकाळी खुर्चीतून उठलाच नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. क्लॅरिस म्हणाली, साहेब लोक. त्यांनी मारला माझा माणूस.

आणि हे असं होतं तर!

ती हॅमचं पुडकं घेऊन बाहेर आली. तिच्या हातातही सोसायटीचीच पिशवी होती, आणि पुडकं तिने नकळत तळाला सारलं. ते लक्षात आल्यावर तिला स्वतःची किळस आली.

बसमध्ये ती पुढे बसली. हेटी पलीकडच्या बाजूला, तिच्याकडे तोंड करून. तिला पाहून हेटीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. विणकर बायकांना एकमेकींशी बोलायला आवाज लागत नाही. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेलेली, तिथे कान काय कामाचे? ओठ मोठे हलवायचे, समोरचीने वाचायचे. गिरण्या बंद पडल्या तरी सवय जात नाही. हेटीने ओठ हलवले: *क्लॅरिस, ऐक तरी.* क्लॅरिसने तोंड खिडकीकडे फिरवलं. विणकर बाईने नजर काढून घेणं म्हणजे तोंडावर दार लावणंच. चॅपल हिल येईपर्यंत ती बाहेरच्या पडक्या गिरणीकडे बघत राहिली.

घरी लेक ब्रेंडा लेस्टरहून आली होती. तिने पुडकं उघडलं आणि कागदावरचं नाव वाचलं.

"आई, हे डिगलचं?"

"हो. वाच मोठ्याने, शेजारी ऐकू दे. नाहीतरी त्यांच्याकडे रद्दीत तेच कागद असतील." आणि मग क्लॅरिसने सगळं सांगितलं. सांगताना ती बसली नाही, कोट काढला नाही, चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. "खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे! माझ्या पुढ्यात सह्या करत होत्या गं, पेन माझंच घेऊन! आणि मी मूर्ख, साहेबांना शिव्या देत हिंडले. तुझा बाप शेवटपर्यंत हेच धरून गेला की आपली माणसं चांगली, वरचे वाईट. बरं झालं गेला. हे बघायला नको."

"मग आता?"

"उद्या सांगणार. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. हॅम खाऊ देत आधी, मग सांगते कुठला ते. आणि दुकान कुणी मारलं तेही सांगते. नावं घेऊन."

ब्रेंडाने पुडक्याचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सांग. पण परवा? मी परत जाणार. परवा सकाळी तुला बरं नसलं तर कुणाचं दार ठोठावशील?"

"मरेन एकटी. पण खोटं झाकून त्याला मातीत घालणार नाही."

ब्रेंडाने हॅम ताटात काढला. मायलेकी त्यानंतर बोलल्या त्या फक्त बीट आणि मुरवलेल्या कांद्यांबद्दल.

दफन नीट झालं. पाऊस नव्हता, वारा मात्र टेकडी सोलून काढत होता. चॅपलमध्ये माणसं दाटीवाटीने उभी होती आणि गायली अशी की छप्पर उडेल. क्लॅरिस गायली नाही. पुढच्या बाकावरून ती एकेकीचा आवाज ओळखत होती आणि प्रत्येक आवाजागणिक तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

मग सगळे हॉलमध्ये आले. सोसायटीचा हॉल म्हणजे त्या बंद दुकानाचाच वरचा मजला. अजून विकला गेला नव्हता, म्हणून किल्ली मिळाली. भिंतीवर दाढीवाल्या संस्थापकांचा फोटो, खाली मोठी किटली, लांब टेबलं. ब्रेंडा हॅम कापत होती. तिचा हात बापावर गेला होता, काप जाडच पडत होते.

"वा! ह्याला म्हणतात हॅम," थ्वेट बहिणींतली थोरली म्हणाली. "सोसायटीचाच ना गं, क्लॅरिस? चव लपत नाही."

"ओळखीची लागली ना चव?" क्लॅरिसने विचारलं.

"अगदी!"

"लागणारच," क्लॅरिस म्हणाली. तिने कपबशी खाली ठेवली.

तेवढ्यात इनॉक बार्लो उठला. इनॉक शाखा समितीचा जुना अध्यक्ष. बायको अंथरुणाला खिळलेली, मुलं परदेशी, म्हातारा सगळं घर एकट्याने ओढायचा, पण सभा म्हटली की त्याच्या अंगात वारं शिरायचं. त्याने चमच्याने कप वाजवला.

"बंधूंनो, भगिनींनो! अर्विनचा मृत्यू हृदयाने झाला असं डॉक्टर म्हणतात. मी म्हणतो, खून झाला! दूर कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या..."

पुरुष माना डोलावत होते. क्लॅरिस उठून उभी राहिली. इनॉकला वाटलं, भावना अनावर झाल्या. तो तिला हाताने बस म्हणत पुढे बोलत राहिला. एकदा सुरू झाला की तो चॅपलच्या घंटेलाही थांबणारा नव्हता.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, किटलीपाशी, हेटी उभी होती. तिने हातातला टॉवेल टाकला आणि ओठ हलवले. घाबरल्यामुळे मोठे हलवले, मागावर हलवायची तसे.

*त्याला माहीत होतं.*

क्लॅरिस थबकली. तिनेही आवाज न करता विचारलं: *काय?*

*अर्विनला. सगळं. मी बसमधून उतरले, पिशवी फाटली, डिगलचं सगळं रस्त्यावर सांडलं. तो दुकानाच्या दारात होता. आला, सगळं गोळा केलं, माझी पिशवी उचलली आणि टेकडी चढून घरापर्यंत आणून दिली. रागाचा एक शब्द बोलला नाही.*

घाईघाईत हेटी एक गोष्ट विसरली. हॉलमधली निम्मी माणसं म्हणजे विणकर बायका होत्या. इनॉक वरच्या आवाजात साहेबांची पिसं काढत होता, पुरुष ऐकत होते, आणि बायका इनॉककडे बघतच नव्हत्या. त्यांची डोकी किटलीकडून क्लॅरिसकडे आणि क्लॅरिसकडून किटलीकडे फिरत होती. मिसेस पिल्किंग्टनचा घास तोंडातच राहिला होता.

*खोटं,* क्लॅरिसचे ओठ म्हणाले. *मला सांगितलं असतं त्याने.*

*मी त्याला म्हटलं, अर्विन, गिरणी बंद झाल्यापासून माझा नवरा घरी बसून आहे, डिगलकडे सगळं स्वस्त पडतं, माझी शरम वाटते मला. तो म्हणाला, पोटापुढे शरम कसली, हेटी.*

*मग मला का नाही सांगितलं?*

हेटीने मान खाली घातली. विणकर बाई मान खाली घालते तेव्हा तिला बोलायचं नसतं. पण क्लॅरिसने टेबलावर मूठ आपटली. इनॉकला वाटलं, ती त्याच्याच वाक्याला दाद देतेय, आणि तो आणखी पेटला. हेटीने मान वर केली.

*तुला घाबरायचा तो. म्हणाला, क्लॅरिसला कळलं तर ती तुमच्यापैकी एकीलाही दारात उभी करणार नाही. आणि मग ती राहील कुणाबरोबर? तुझ्या घरी मॅनेजरचा पगार येत होता, क्लॅरिस. तुला निष्ठा परवडत होती. आम्हाला नाही परवडली गं.*

हे सगळ्यांनी वाचलं. एकीने डोळ्याला रुमाल लावला, पण कुणीही हेटीला गप्प बस म्हणालं नाही. म्हणजे सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. क्लॅरिसच्या कानांत गरम वाफ भरल्यासारखं झालं. तिला सह्या गोळा करायच्या त्या संध्याकाळी आठवल्या. रोज ती परत आली की अर्विन तिचे ओले बूट शेगडीपाशी ठेवायचा आणि विचारायचा, "कसं काय झालं?" ती सांगायची, आणखी एवढ्या झाल्या, आपली माणसं सोन्यासारखी आहेत रे. तो म्हणायचा, "आहेतच." त्याला ठाऊक होतं की दुकान वाचत नाही. तरी तो रोज विचारायचा, रोज ऐकायचा. आणि ती? एवढ्या वर्षांत तिने त्याला कधी विचारलं नाही, की तू असा गप्प का असतोस.

"...आणि म्हणून," इनॉक शेवटाला आला होता, "त्या लोकांचा धिक्कार असो! क्लॅरिस, पोरी, तू उभीच आहेस. बोल चार शब्द."

सगळा हॉल तिच्याकडे बघू लागला. पुरुष तिच्या डोळ्यांकडे बघत होते आणि बायका तिच्या ओठांकडे. ब्रेंडाच्या हातातली सुरी थांबली.

क्लॅरिसने ठरवलेलं सगळं तिच्या जिभेवर होतं. नावं, सभेतले हात, सह्या. ते आता तिथे नुसतं पडून होतं आणि त्याचं काय करावं हे तिला कळेना.

"मला एकच विचारायचंय," ती मोठ्याने म्हणाली. आवाज फाटला. "हेटीची पिशवी अर्विनने घरी नेऊन दिली होती, डिगलची. आणखी कुणाची नेली होती?"

पुरुषांना काही समजेना. कुणीतरी खोकलं. मग थोरली थ्वेट म्हणाली, "आमची. बर्फ पडलं होतं तेव्हा."

"माझी," मिसेस पिल्किंग्टन म्हणाली. "बरेचदा. मी नको म्हणायचे तरी."

"माझी."

"माझी पण, क्लॅरिस. राग धरू नकोस."

टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ते फिरत गेलं. काहीजणी रडत होत्या, काही नाही. नवरे आपापल्या बायकांकडे आ वासून बघत होते. सगळ्यांत शेवटी इनॉक बार्लो, हातात चमचा तसाच, खाली बघत म्हणाला, "माझीही."

"तुझी, इनॉक?"

"हिच्या औषधांपुढे मला नाही जमायचं, पोरी. तो एकदा नाही, दर आठवड्याला यायचा टेकडीच्या पायथ्याशी. दुकान पाच मिनिटं बंद ठेवून. पिशवी घ्यायचा आणि माझ्याशी फुटबॉलबद्दल बोलायचा. मला म्हणाला, क्लॅरिससमोर भाषण करशील तेव्हा साहेबांवर कर. तिला तेच आवडतं."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. क्लॅरिस खुर्चीवर बसली. अर्विनवर तिला एवढा राग आला होता की तो समोर असता तर तिने त्याला गदागदा हलवलं असतं, आणि मग सोडलंच नसतं. ब्रेंडा मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"सगळ्या टेकडीला त्याने सांगितलं," क्लॅरिस म्हणाली. ती कुणाशी बोलत होती ते कळत नव्हतं. "सगळ्यांपाशी मन मोकळं केलं. एका माझ्यापाशी सोय नव्हती. एवढी वर्षं संसार केला, आणि माझा माणूस घरी येऊन माझ्याशी तोंड सांभाळून बोलत होता."

हेटी किटलीपासून निघाली, हॉल ओलांडून आली आणि क्लॅरिसच्या शेजारच्या खुर्चीपाशी थांबली. बसू का, असं तिने विचारलं नाही. ती तशीच उभी राहिली, आणि क्लॅरिस काय म्हणते याची अख्खा हॉल वाट बघत राहिला.

क्लॅरिसने शेजारची खुर्ची थोडी बाहेर सरकवली.

"बस," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्याशी बोलू नकोस. आज नाही."

हेटी बसली.